विधवेच्या नाकात नथ : मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

मराठी प्रकाशक आणि संपादक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गेली एकवीस वर्षं मी मुद्रितं तपासते आहे. तुमच्यातल्या काहींचीही तपासली आहेत. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, गळलेली ओळ शोधायची आणि तिसऱ्या प्रकरणात वारलेले सासरे नवव्या प्रकरणात ओटीवर सुपारी कातरताना सापडले तर लेखकाला हळूच कळवायचं, एवढं माझं काम. पुस्तक कसं वाटलं हे मला कोणी विचारत नाही. आज न विचारता सांगते आहे. तेही अशा प्रकाराबद्दल, ज्याचं नाव काढलं की तुमच्यातले निम्मे लोक घड्याळाकडे बघायला लागतात : ऐतिहासिक प्रेमकादंबरी. गड-तलवारीची ऐतिहासिक कादंबरी वेगळी, तिची तुमच्याकडे टंचाई नाही. मी म्हणते ती, जिच्यात दोन साधी माणसं जुन्या काळात एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि त्या काळाचा कायदा, जात, वाटण्या, रोगराई असं सगळं त्यांच्या मधे येऊन ठाण मांडतं.

निमित्त एका हस्तलिखिताचं. दोन वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने ते माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला दिलं. काळ १८६८, कोकणातलं एक बंदराचं गाव. ब्राह्मण घरातली तेवीस वर्षांची विधवा. नवरा हयात असतानाच भावांपासून वाटण्या करून वेगळा झालेला. मुलगा नाही, चार वर्षांची एक मुलगी. त्यामुळे घर आणि नारळी-पोफळीची वाडी तिच्या हयातीपुरती तिच्या ताब्यात आलेली. दिराने कसला तरी अर्ज केलेला असतो, त्याचे कागद घेऊन कचेरीतला एक तरुण कारकून येतो. तो ओटीवर, ती दाराआड. कागद इकडून तिकडे न्यायचं काम त्या चिमुरडीचं. सत्तर पानं होऊन जातात तरी दोघांनी एकमेकांचा चेहरा धड पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेला असतो फक्त कागद घेणारा हात, मनगटापर्यंत, बांगडी नसलेला.

मग एके दिवशी तो तिला १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याची कलमं वाचून दाखवतो. आपल्याला शाळेत एवढंच शिकवलं की या कायद्याने विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता मिळाली. ते खरंच आहे. पण त्याच कायद्याचं दुसरं कलम सांगतं की विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला, जणू ती त्या वेळी मरण पावली. हे ‘मरण पावली’ माझ्या पदरचं नाही, कायद्याचंच आहे. मिळकत जाते पुढच्या वारसाकडे, म्हणजे इथे त्या मुलीकडे. तिसरं कलम त्याहून तिरपागडं. नवऱ्याने मृत्युपत्रात मुलांचं पालकत्व कोणाला नेमून दिलं नसेल, तर बाईच्या पुनर्विवाहानंतर सासू-सासरे किंवा नवऱ्याकडचा कोणीही पुरुष नातलग पालक नेमून घ्यायला कोर्टात जाऊ शकतो. थोडक्यात, वाडी मुलीची आणि मुलगी दिराची.

तो वाचून थांबतो. दाराआडून बराच वेळ काही ऐकू येत नाही. मग आवाज येतो, “म्हणजे सरकारदरबारी मी आधी मरायचं आणि मग बोहल्यावर चढायचं?” तो उत्तर देत नाही. मधे उभी असलेली मुलगी विचारते, “कोण मेलं?”

मुद्रित तपासताना पेन्सिल खाली ठेवायची नसते, नजर सैल पडते. मी ठेवली.

हे हस्तलिखित पुढे दोन ठिकाणी गेलं. नावं घेत नाही. पहिल्या ठिकाणाहून निरोप आला, “समाज तरी ठेवा, नाहीतर प्रेम तरी ठेवा. दोन्ही एकत्र वाचकाला झेपत नाही.” दुसऱ्या ठिकाणी ते स्वीकारलं गेलं, करार झाला, मुखपृष्ठाचा नमुना आला. त्यावर भरजरी शालू, हातभर हिरवा चुडा, कपाळावर चंद्रकोर आणि नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ. बाई पाठमोरी, पण मान मुद्दाम वळवलेली, नथ दिसावी म्हणून. लेखिकेने विचारलं, ही विधवा आहे ना? उत्तर आलं, ऐतिहासिक म्हटलं की लोकांना नथ लागते, आणि आलवणातलं, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्यातलं, चित्र कोणी हातात धरत नाही. तिने हस्तलिखित परत घेतलं.

त्या दोन उत्तरांवर मी तेव्हापासून विचार करते आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत दिसते. सामाजिक प्रश्न म्हणजे औषध आणि प्रेम म्हणजे ते गिळण्यासाठी वर लावलेला गूळ. मला वाटतं, हा प्रकार ज्यांनी मन लावून वाचला आहे त्यांचा अनुभव याच्या अगदी उलट आहे.

प्रेमकथेला अडथळा लागतो. आजच्या काळात तो आणायचा म्हणजे लेखकाला फार खटपट करावी लागते. फोन बंद पडतो, निरोप पोचत नाही, एखादी मैत्रीण खोटं बोलते. तीनशे पानं होतात आणि आपल्याला वाटत राहतं, अरे, एकदा समोरासमोर बसून बोला की! जुन्या काळात तसं नव्हतं. तिथे समोरासमोर बसणं हाच अडथळा होता, आणि बसल्यावर मधे उभा असायचा तो खराखुरा कायदा. म्हणून अशा कादंबरीत सामाजिक प्रश्न काढून घेतला तर प्रेमकथाच कोसळते. वरच्या गोष्टीतून दुसरं आणि तिसरं कलम काढा, काय उरलं? एक कारकून आणि एक बाई. दोघं लग्न करतील, पेढे वाटतील, पंधरा पानांत पुस्तक संपेल.

इंग्रजीत हा प्रकार धोधो चालतो. त्यातली नायक-नायिका पळून स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावी लग्न करायला जातात, तो प्रसंग तर इतका घासून गुळगुळीत झाला आहे की नवा लेखक त्याची थट्टाच करतो. पण तो आला कुठून? १७५३ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला की एकविसाच्या आतल्यांना आईबापांच्या संमतीखेरीज लग्न करता येणार नाही. स्कॉटलंडला तो लागू नव्हता. सीमा ओलांडल्यावर पहिलंच गाव लागायचं ते ग्रेटना ग्रीन. जो प्रसंग आपण निव्वळ गुलाबी समजतो, तो एका कायद्याच्या पोटातून जन्माला आला आहे. तीच गोष्ट ‘श्रीमंत वारसदारणीच्या मागे लागलेला कर्जबाजारी उमराव’ या पात्राची. लग्न लागताच बायकोचा पैसाअडका नवऱ्याचा, असाच तिथला नियम होता. तो १८७० च्या कायद्याने थोडा आणि १८८२ च्या कायद्याने पुरता ढिला झाला. त्या आधीच्या काळातली नायिका ‘हो’ म्हणते तेव्हा ती काय काय सोडून ‘हो’ म्हणते, हे वाचकाला माहीत असतं. त्या एका शब्दाला वजन येतं ते तिथून.

आता तुम्ही म्हणाल, सामाजिक कादंबरी मराठीला नवीन आहे का? मुळीच नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती १८५७ ची, आणि तिचा विषयच विधवांची स्थिती. कायदा झाल्याला वर्षच झालेलं. पहिली ऐतिहासिक म्हणतात ती यायला १८७१ उजाडलं. म्हणजे आपल्याकडे कादंबरी जन्मली तीच सामाजिक प्रश्न घेऊन. मग १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतली यमू आली आणि घराघरात लोक तिच्यासाठी रडले. मीही रडले आहे. पण यमूचं काय होतं? वैधव्य, सक्तीचं केशवपन, मृत्यू. त्या काळात ते तसंच लिहायला हवं होतं, हरिभाऊंच्या पायावर डोकं ठेवावं इतकं ते खरं आहे. माझी तक्रार पुढच्या सव्वाशे वर्षांबद्दल आहे. जुन्या काळातली बाई म्हणजे सोसणारी बाई, हे जणू ठरून गेलं. तिच्यावर दया करायची, तिच्यासाठी हळहळायचं. तिला काही हवं होतं का, कोणी आवडत होतं का, रात्री दिवा मालवल्यावर ती कशाचा विचार करायची, हे विचारणं म्हणजे तिच्या दुःखाचा अपमान, असं आपण धरून चाललो.

सुधारकांनीही पुनर्विवाहाची बाजू बहुतेक दयेच्या अंगाने मांडली, नाहीतर शास्त्राधाराने, नाहीतर लपूनछपून होणाऱ्या बाळंतपणांचं आणि बालहत्यांचं भय दाखवून. विरोधकांशी भांडायचं तर हीच हत्यारं चालणार होती, त्यांना दोष नाही. पण ‘तिला तो आवडतो’ हे कारण कोणत्याही सभेत मांडण्यासारखं नव्हतं. कागदोपत्री ते सापडणं मुश्कील, म्हणून इतिहासकाराचा तिथे नाइलाज होतो. कादंबरीकाराचा होऊ नये.

या प्रकाराची एक अट आहे, जिच्यावरून तुम्ही सगळ्यात जास्त नाकं मुरडता. शेवट गोड हवा. माझी आत्या सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. तिचा वाचनाचा झपाटा असा की वाचनालयवाले तिला दोन पुस्तकं जास्त द्यायचे. पुस्तक हातात आलं की ती आधी शेवटचं पान उघडायची. लहानपणी मला हा शुद्ध गाढवपणा वाटायचा. एकदा विचारलं तर म्हणाली, “अगं, बाई मरते ती पुस्तकं मी वाचली की सगळी. आता ही वाचते की नाही एवढं कळलं, की मग कशी वाचते ते निवांत बघता येतं.”

‘कशी वाचते’ या दोन शब्दांत त्या अटीचं सगळं मर्म आलं. शेवट गोडच करायचा हे आधीच ठरलं की लेखकावर केवढी जबाबदारी पडते बघा. नायिकेला विहिरीत ढकलून मोकळं होता येत नाही. १८६८ सालच्या कोकणात, तो कायदा, तो दीर, ती भावकी सगळं जसंच्या तसं ठेवून, हिला सुखाने जगण्याची वाट काढून द्यायची आहे. त्यासाठी लेखकाला त्या काळाची एकूण एक फट माहीत असावी लागते. मृत्युपत्र कसं व्हायचं, साक्षीदार कोण चालायचे, गाव सोडून मुंबई गाठली तर बहिष्काराची धार किती बोथट व्हायची. शोकांतिका लिहायला अभ्यास लागतोच. पण माझा अनुभव असा की गोड शेवटाच्या हस्तलिखितांत तारखा आणि कलमं मला जास्त वेळा पडताळून बघावी लागतात. तिथे एखादं कलम चुकलं तर नायिकेचं सुखच खोटं पडतं.

यातलं बरंचसं लेखन टाकाऊ असतं हेही सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला सांगायला लागणार नाही. नऊवारी नेसवलेली आजची मुलगी, जी पहिल्याच पानावर ‘माझ्या आयुष्याचे निर्णय मी घेणार’ म्हणते. देवासारखा सुधारक नायक, जो बायकोला आधी अक्षरं शिकवतो आणि मग स्वातंत्र्य बक्षीस देतो. तिचं काम फक्त कृतज्ञतेने डोळे पुसण्याचं. या दुसऱ्या नायकाचा मला मनस्वी कंटाळा आहे.

आणि जात. पुनर्विवाहाला बंदी हा प्रामुख्याने वरच्या जातींतला प्रश्न. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत विधवेचा पाट लागत होता, मोहतूर होत होतं, म्हणजे तिचं दुसरं लग्न रीतीनेच होत होतं, त्यासाठी कोणाच्या कायद्याची वाट बघावी लागत नव्हती. मग त्या बायकांना १८५६ च्या कायद्याने काय दिलं? इथे गोष्ट अशी वळते की कादंबरीकाराने हात जोडावेत. ज्या जातीत आधीपासून पाट लावायची रीत आहे, तिथल्या बाईलाही पुनर्विवाहानंतर मिळकत सोडावी लागेल का, हा प्रश्न कोर्टात गेला. १८९० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं, हो, सोडावी लागेल. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाचं मत उलट होतं. म्हणजे एकाच सरकारच्या राज्यात, उत्तरेकडच्या बाईला जमीन राहिली असती आणि आपल्याकडच्या बाईच्या हातून ती गेली असती. पाट लावून आठ वर्षं सुखाने संसार करत असलेली एक शेतकरीण, आणि एक दिवस पहिल्या नवऱ्याचा चुलतभाऊ हातात नोटीस घेऊन बांधावर उभा. तिचा दुसरा नवरा काय करेल? तिच्यावरचं त्याचं प्रेम आणि तिच्या शेतावरचं प्रेम, दोन्ही आजवर एकातच मिसळलेलं होतं. आता ते वेगळं काढून दाखवायची वेळ आली. मला ही कादंबरी वाचायची आहे. तुमच्यापैकी कोणी ती कोणाला लिहायला सांगेल का?

माल आणखीही पडला आहे. १८७२ चा नोंदणी विवाहाचा कायदा घ्या. त्याखाली लग्न करायचं तर दोघांना लिहून द्यावं लागायचं की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणी नाही. ही अट हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती सैल झाली १९२३ साली. मधली पन्नास वर्षं, आवडत्या माणसाशी दुसऱ्या जातीत लग्न करायचं तर आधी देव नाकारायचा. तिची आई सोवळ्यात देवपूजा करते आहे आणि हिच्या पदराआड तो कागद आहे, एवढं एक दृश्य पुरे.

सत्यशोधकांनी १८७३ पासून भटजीवाचून लग्नं लावायला सुरुवात केली. जुन्नरजवळच्या ओतूरचा तसला तंटा उच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. त्या सभेतून वस्तरा खिशात घालून घरी निघालेला पंचविशीतला एक पोरगा, याहून चांगला नायक मला तरी कोणी दाखवावा.

रखमाबाईंचं नाव इथे येणारच. अकराव्या वर्षी झालेलं लग्न मानायला त्यांनी नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, तर त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. पण कृपा करून खुद्द त्यांच्यावर प्रेमकथा लिहवून घेऊ नका. त्यांनी स्वतःचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत वर्तमानपत्रातून मांडलं आहे, त्यात आपण आपल्याकडचा नायक घुसडायचं कारण नाही. त्यापेक्षा त्या आठवड्यात गिरगावातल्या एखाद्या चाळीत ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं जात असताना कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या मुलीकडे बघा. तिचंही लग्न नवव्या वर्षी झालं आहे, आणि नांदायला जायचा मुहूर्त तीन आठवड्यांवर आला आहे. मोठ्या माणसांच्या चरित्रात्मक कादंबऱ्या आपल्याकडे भरपूर झाल्या. ज्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत त्यांच्यासाठी हा प्रकार आहे.

आता मागणं. फार नाही. अशा कादंबरीला परीक्षक नेमाल तेव्हा असा नेमा, ज्याला प्रेमकथा वाचायला आवडतात. शाकाहाऱ्याने माशाची परीक्षा करू नये. पुस्तकाच्या शेवटी दोन पानं लेखकाला द्या, खरं काय आणि रचलेलं काय ते सांगायला. वाचक ती पानं आधाशासारखी वाचतात, मी स्वतः वाचते. आणि ‘महिलांसाठी हलकंफुलकं’ अशा कप्प्यात ते टाकू नका. पाट लावलेल्या बाईची जमीन गेली, यात हलकं काय आणि फुलकं काय?

ते हस्तलिखित अजून माझ्या कपाटात आहे. मधल्या काळात लेखिकेने त्याचा तिसरा खर्डा केला, दिराचं पात्र जास्त माणसासारखं केलं. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे, डोळ्यांनी दगा दिला आहे, म्हणून मी मोठ्या टायपात छापून तिला नेऊन दिलं. सवयीप्रमाणे तिने आधी शेवटचं पान उघडलं, वाचलं आणि मान डोलावली. मग चष्मा काढून मला विचारलं, “दोघं एकत्र आली ते कळलं गं. पण वाडी कोणाच्या नावावर राहिली?”

मी सांगितलं नाही. तुम्हालाही सांगत नाही. मागवून घ्या, पाठवते.

कळावे, लोभ असावा.

तुमची एक मुद्रितशोधक

ता.क. मुखपृष्ठावर हवं तर नुसता एक हात दाखवा, मनगटापर्यंत, कागद घेणारा. बांगडी नको.